लांबच्या टार्गेटसाठी काडतूस निवडताय? मुंबईकर नवशिक्यांनी आधी हे वाचा

२०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ काढलं आणि तेव्हापासून रेंजवर नवीन चेहरे दिसायला लागलेत, चांगलंय. पण त्यातले बरेच जण एअर रायफल नीट धरायला शिकायच्या आत विचारतात, "दादा, हजार यार्डाला कुठलं काडतूस बेस्ट?" मग मोबाईल काढून कुठला तरी व्हिडिओ दाखवतात ज्यात कोणीतरी वाळवंटात आडवं पडून मैलभर लांबची लोखंडी प्लेट वाजवतोय. अरे बाबा, मुंबईत मैलभर मोकळी जागा शेवटची कधी बघितली होतीस?

तर हा लेख अशांसाठी. काडतूस निवडायचं ते उलट्या बाजूने, म्हणजे आधी रेंज, मग कागद, मग वारा, मग आपला खांदा, आणि पॉवर सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक पॉवरपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

पहिली पायरी: मारणार कुठे?

हे ठरल्याशिवाय पुढचं वाचून फायदा नाही. मुंबईत सहज जमेल असं अंतर म्हणजे १० मीटर. दादरला सावरकर स्मारकात रेंज आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची आहे, पनवेलकडे राहत असाल तर सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे. ५० मीटरसाठी पुण्याचं बालेवाडी धरा, १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं ते संकुल. त्यापुढे ३०० मीटर, ज्याला आपल्याकडे बिग बोअर म्हणतात, त्याच्या रेंज मुख्यतः लष्कर, पोलिस आणि निमलष्करी दलांच्या हातात आहेत, तिथे स्पर्धेच्या किंवा असोसिएशनच्या मार्गाने जावं लागतं, उठलो आणि गेलो असं होत नाही. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, ते इंग्लंडमधल्या बिस्लेला जाऊन मारणारे लोक आहेत, ज्यांचे काका-मामा तिकडे आहेत त्यांनी जरूर जावं.

म्हणून "लाँग रेंज" हा शब्द आपण आपल्यापुरता ठरवून घ्यायचा. माझ्या मते मुंबईतल्या नवशिक्यासाठी पहिली काही वर्षं लाँग रेंज म्हणजे ५० मीटरच, त्यानंतर ३००. आणि ५० मीटरला कमी समजू नका, तिथल्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) टार्गेटवरचा दहाचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा असतो. ३०० मीटरच्या टार्गेटवर तो १०० मिलिमीटरचा असतो. कोनाच्या हिशोबात बघितलं तर ५० मीटरचा दहा हा ३०० मीटरच्या दहापेक्षा लहान पडतो, म्हणजे लांबचं ते कठीण आणि जवळचं ते सोपं हे डोक्यातून काढून टाका.

दुसरी पायरी: कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच अर्धी यादी आपोआप गळते, त्यामुळे वाचा.

४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय चालते. बाकी खरं काडतूस वापरणारी कुठलीही रायफल आली की १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम लागू. मुंबईत परवाना पोलिस आयुक्त कार्यालयातून. वयाची अट २१, त्याखालच्या खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे, ती तुमच्या क्लबमधून समजून घ्या कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार क्लब, राज्य असोसिएशन आणि एनआरएआय, म्हणजे राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या शिफारशीवरच चालतो.

आता काडतुसाशी याचा संबंध काय तर परवान्यावर बोअर (नळीचं माप, म्हणजेच कॅलिबर) लिहिलेलं असतं आणि किती राउंड बाळगता येतील तेही लिहिलेलं असतं. नेटवर वाचून मन बसलं एका कॅलिबरवर आणि परवाना दुसऱ्याचा, असं चालत नाही. लष्करी कॅलिबर, उदाहरणार्थ ७.६२ आणि .३०३, ही प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, साध्या परवान्यावर मिळत नाहीत. .३०८ विंचेस्टर आणि लष्करी ७.६२ बाय ५१ हे दोन्ही बाहेरून जवळपास सारखेच दिसतात, म्हणून .३०८ चा विचार असेल तर अर्ज टाकायच्या आधी ते कुठल्या वर्गात धरलं जातंय हे लेखी विचारून घ्या. तोंडी "हो हो होईल" यावर रायफलचा ॲडव्हान्स देऊ नका.

आणि हो, घरी बसून काडतूस भरायचं ते परदेशी व्हिडिओत दाखवतात ना, टेबलावर प्रेस लावून दारू मोजतात वगैरे, ते आपल्याकडे परवान्याशिवाय अजिबात नाही. काडतूस बनवणं हे कायद्याने शस्त्रनिर्मितीच्या खात्यात जातं. त्यामुळे तिकडचे लोक जेव्हा सांगतात "हे कॅलिबर घ्या, रिलोड करून भारी चालतं" तेव्हा तो सल्ला आपल्या कामाचा नाही. आपल्याला तयार मॅच ॲम्युनिशन, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची काडतुसं, जे मिळेल त्यावरच गाडी चालवायचीये, आणि खरं सांगायचं तर निम्मी निवड इथेच होऊन जाते.

तिसरी पायरी: .२२ ला हात जोडा आणि तिथून सुरू करा

टू-टू म्हणतात त्याला सगळे. .२२ लाँग रायफल, ४० ग्रेनची म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी. काडतूस एवढंसं, धक्का जवळपास नाही, बॅरल वर्षानुवर्षं टिकतं. ५० मीटरला आयएसएसएफमध्ये हेच आणि हेच चालतं, म्हणजे कॅलिबर निवडायचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कुठला ब्रँड, कुठला ग्रेड आणि सगळ्यात महत्त्वाचं कुठला लॉट, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेला माल.

आधी वेगाचं बघू. डब्यावर "हाय व्हेलॉसिटी" लिहिलेलं दिसलं की नवीन माणूस तोच उचलतो, फास्ट म्हणजे चांगलं असणार. टार्गेटसाठी हे नेमकं उलटं आहे. मॅचची .२२ सेकंदाला साधारण ३२५ मीटरने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खालीच. आपल्याकडे गरम हवेत आवाजाचा वेग ३५० च्या आसपास असतो. हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या वर निघते आणि वाटेतच खाली येते, तो उंबरठा ओलांडताना ती डगमगते, आणि वर निघालेली गोळी वेग फार पटकन गमावते म्हणून आडवा वारा तिला हळू गोळीपेक्षा जास्त ढकलतो. हो, जास्त. विश्वास बसत नाही पण वारा गोळीला किती ढकलणार हे नुसतं ती किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही, हवेने तिला किती उशीर केला यावर ठरतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढची सगळी कॅलिबरची चर्चा सोपी होते.

आता लॉट. एली टेनेक्स, लापुआचं मिडास प्लस किंवा सेंटर-एक्स, आरडब्ल्यूएस आर ५०, एसके, अशी नावं रेंजवर ऐकू येतील. नाव एकच असलं तरी प्रत्येक लॉट वेगळा चालतो, एकाच बागेतला हापूस असला तरी पेटी-पेटीत फरक असतो तसं. आणि तुमच्या शेजारच्या लेनवर सोन्यासारखा चालणारा लॉट तुमच्या बॅरलमध्ये रुसून बसू शकतो. म्हणून टेस्ट करायचीच, ती अशी:

रायफल बेंचवर किंवा प्रोनमध्ये (पोटावर झोपून) घट्ट रेस्टवर ठेवा. ब्रँड बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्या नुसत्या मातीत घाला, मोजू नका, कारण प्रत्येक ब्रँडचं मेण-ग्रीस वेगळं असतं आणि नळीला नवीन ग्रीसची सवय व्हायला तेवढ्या लागतात. मग दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचे पुंजके. पाच-पाचचे नको, पाचचा ग्रुप नशिबाने छान पडतो आणि माणूस उगाच खूश होऊन दहा डबे घेऊन येतो. ग्रुप मोजताना दोन सगळ्यात लांबच्या भोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून गोळीची जाडी, ५.६ मिलिमीटर, वजा करायचे, आलं ते सेंटर टू सेंटर. कागदी टार्गेटवर गोळीची कड दहाच्या रेषेला लागली तरी दहा मिळतो, त्यामुळे हिशोबाने १६ मिलिमीटरच्या आतला ग्रुप, तोही बरोबर मधोमध बसला तर, सगळे दहा. पण तुमचा स्वतःचा हात हलणार, वारा असणार, म्हणून बेंचवरून ग्रुप १६ च्या बराच खाली पाहिजे.

चारपैकी तीन ग्रुप सुंदर आणि एकात एक गोळी पळालेली, असा लॉट आला तर? मी तो घेत नाही. चारही मध्यम पण सारखे असतील तर तो घेतो. मॅचमध्ये पळालेली गोळी बघून आपल्याला वाटतं की आपलाच ट्रिगर बिघडला, मग पुढच्या पाच गोळ्या आपण खरंच बिघडवतो.

आवडलेला लॉट सापडला की खिशाला आणि परवान्यातल्या मर्यादेला झेपेल तेवढा एकदम घ्या. डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो, फोटो काढून ठेवा, दुकानदार "तेच आहे हो" म्हणाला तरी नंबर जुळवा.

चौथी पायरी: मोठं काडतूस, पण कशाच्या जोरावर निवडायचं

समजा ३०० मीटरपर्यंत पोचलात, किंवा बिस्लेला जायचा बेत आहे. आता खरी यादी उघडा. इथे तीनच गोष्टी बघायच्या.

एक, गोळी हवा किती कापते. याला बीसी म्हणतात, बॅलिस्टिक कोइफिशंट. लांब, सडपातळ, टोकदार गोळी, मागून बोटीसारखी निमुळती, तिचा बीसी जास्त. .३०८ ची १७५ ग्रेनची मॅच गोळी जी-१ या नेहमीच्या मापात साधारण ०.५ आणि ६.५ मिलिमीटरची १४० ग्रेनची आधुनिक मॅच गोळी साधारण ०.६४. आता फरक कुठे दिसतो बघा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा धरला तर ३०० मीटरला .३०८ साधारण २० सेंटीमीटर सरकते आणि ६.५ क्रीडमूर १५ च्या आसपास. फरक पाच सेंटीमीटर. हजार यार्डाला हाच फरक अर्ध्या मीटरच्या वर जातो. म्हणजे हजार यार्डाला ६.५ घेणं हा व्यवहार आहे, ३०० ला ते घेतलं नाही म्हणून कोणी मेडल हरत नाही.

दोन, टार्गेटपर्यंत गोळी आवाजाच्या वर राहते का. .३०८ ची गोळी सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास निघते आणि हजार यार्डाच्या जवळपास येईपर्यंत आवाजाच्या उंबरठ्यावर येते. तिथे जुनी १६८ ग्रेनची गोळी डगमगते हे प्रसिद्धच आहे, १७५ ची शेप सुधारल्यामुळे ती बऱ्यापैकी सरळ जाते. ३०० मीटरला मात्र १६८ एकदम मस्त, तिथे तिला नावं ठेवू नका.

तीन, नळीचा ट्विस्ट, म्हणजे नळीच्या आतल्या खाचांचा पीळ. लांब गोळीला फिरकी जास्त लागते. .३०८ मध्ये १० ते १२ इंचात एक फेरा, ६.५ मध्ये ८ इंचात एक, .२२३ मध्ये ७७-८० ग्रेनची लांब गोळी वापरायची तर ७ किंवा ८ इंच. जुन्या .२२३ रायफलमध्ये १२ इंचाचा ट्विस्ट असेल तर लांब गोळी कागदावर आडवी लागते, भोक कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं लांबट पडतं, मग लोक काडतुसाला शिव्या घालतात.

आता एकेक पटापट.

.३०८ विंचेस्टर, १९५२ चं. जगात सगळीकडे मॅच ॲम्युनिशन मिळतं, बॅरल साधारण पाच हजार राउंड चांगलं चालतं, बिस्लेच्या टार्गेट रायफलमध्ये मुख्यतः हेच वापरतात, एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या एफटीआर गटात तर .३०८ आणि .२२३ सोडून तिसरं चालतच नाही. वाऱ्यात मागे पडतं, धक्का मध्यम. शिकायला उत्तम कारण चूक लपवत नाही. परवान्याच्या बाजूने रस्ता मोकळा असेल तर माझं मत इथेच.

६.५ क्रीडमूर, २००७ ला हॉर्नडीने आणलं, मुळात टार्गेटसाठीच डिझाइन केलेलं. कागदावर सगळ्यात गोड, .३०८ पेक्षा धक्काही कमी आणि वाराही कमी खातं. पण बॅरल अडीच हजारांच्या आसपास थकतं आणि आपल्याकडे नवीन बॅरल बसवणं म्हणजे बाजारातून टायर बदलून आणण्याएवढं सोपं नाही, परत आयात, परत कागद. शिवाय सगळा माल बाहेरून. पोचलेल्या नेमबाजाला, ज्याला आयातीची मुभा आहे, त्याला ठीक.

६ मिलिमीटर बीआर नॉर्मा, ३०० मीटरवाल्या युरोपियन लोकांचं लाडकं. छोटं काडतूस, धक्का अगदी कमी, ग्रुप बघून डोळे निवतात. ३०० लाच आयुष्य काढायचं असेल तर याच्यापुढे कोणी नाही, फक्त माल मिळवायची सोय आधी. ६.५ बाय ५५ स्वीडिश हे १८९४ चं म्हातारं अजून ३०० मीटरवर दिमाखात चालतं.

.३०-०६, १९०६ चं. इशापूरच्या कारखान्याची स्पोर्टिंग रायफल याही कॅलिबरमध्ये येते, त्यामुळे नाव कानावर पडेल. गोळी .३०८ चीच, दारू थोडी जास्त, धक्काही जास्त. वाईट नाही, पण शिकारी बनावटीच्या रायफलकडून मॅचच्या ग्रुपची अपेक्षा ठेवू नका. .३१५ तर विसराच, ती गोल नाकाची जड ८ मिलिमीटर गोळी रानडुकरासाठी आहे, टार्गेटसाठी नाही. घरात आजोबांची असेल तर जपून ठेवा.

.३०० विन मॅग, .३३८ लापुआ, ही व्हिडिओवाली मंडळी. ३०० मीटरला यांची काही गरज नाही, आयएसएसएफमध्ये ८ मिलिमीटरच्या वर कॅलिबर चालत नाही म्हणून .३३८ तर दारातूनच परत. आणि खांदा एकदा घाबरला ना की माणूस ट्रिगर दाबायच्या आधी डोळे मिटायला लागतो, ती सवय जायला काडतूस बदलून भागत नाही, परत एअर रायफलपासून सुरू करावं लागतं.

पाचवी पायरी: नाव अक्षर न् अक्षर जुळवा

६.५ क्रीडमूर, ६.५ बाय ५५, ६.५ बाय ४७, तिन्हीची गोळी एकाच जाडीची, केस (पितळी कवच) वेगवेगळी. "सिक्स-फाइव्ह द्या" एवढं सांगून डबा घ्यायचा नाही. बॅरलवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव तंतोतंत एकच पाहिजे. जवळपास चालत नाही. शंका आली तर कोचला दाखवा, बोल्ट बंद होतोय म्हणजे बरोबर आहे असं अजिबात नाही.

सहावी पायरी: मुंबईची हवा

दमट हवा जड असते असं सगळ्यांना वाटतं, अंगाला चिकटते म्हणून. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, म्हणून दमट हवा किंचित पातळ असते. फरक इतका छोटा की गोळीपुरता विसरून जा. त्रास होतो तो दुसरीकडे, पितळेला, बोल्टला आणि नळीला. पावसाळ्यात काडतुसं मूळ डब्यातच, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बॉक्समध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि अर्थातच कुलपात. एसीच्या खोलीतून काढून थेट रेंजवर नेली की दव धरतं, .२२ च्या मेणावर तर बोट लावलं तरी कळतं. डबा न उघडता थोडा वेळ बाहेर राहू द्या.

उन्हाचं जास्त जपा. दारू तापली की प्रेशर वाढतं, वेग वाढतो, गोळी वर जाते. गाडीच्या डॅशबोर्डवर डबा ठेवून कर्जतपर्यंत जाणारे महाभाग मी बघितलेत. मोठ्या काडतुसात तर तापलेल्या चेंबरमध्ये राउंड घालून पाच मिनिटं वाऱ्याची वाट बघत बसू नका, वारा वाचा, मग लोड करा.

आणि वारा. किनाऱ्याजवळच्या रेंजवर सकाळी मतलई वारा मंद असतो, सूर्य वर आला की मध्ये थोडा वेळ हवा पडते, मग दुपारकडे खारा वारा चढतो. लॉट टेस्ट करायची तर सकाळची पहिली बॅच पकडा, दुपारी केलेली टेस्ट काडतुसाची नसते, वाऱ्याची असते. वाऱ्याची प्रॅक्टिस करायची असेल तेव्हा मुद्दाम दुपारी जा. ५० मीटरला ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .२२ ला अडीच-तीन सेंटीमीटर ढकलतो, म्हणजे दहातून थेट सातच्या आसपास.

सातवी पायरी: विकत घेण्याआधी दुसऱ्याचं मारून बघा

क्लबच्या रायफलवर, कोचच्या देखरेखीखाली, जे कॅलिबर मनात आहे त्याच्या वीस-तीस गोळ्या मारा. पहिल्या पाचवर मत बनवू नका, तेव्हा नुसती एक्साइटमेंट असते. शेवटच्या दहा बघा, तेव्हा खांदा थकलेला असतो आणि खरा ग्रुप तोच. मग वही काढा: तारीख, वेळ, लॉट नंबर, ऊन की ढग, वाऱ्याची दिशा, ग्रुपचं माप. टार्गेटचा कागद फेकू नका, मागच्या बाजूला हेच सगळं पेनाने लिहा आणि फाईलला लावा. पेन्सिलने नको, पावसाळ्यात कागद ओलसर झाला की पुसलं जातं.